थंडीत सेल्फ मारून मारून बॅटरी झोपते : टर्बो बसवलेलं जुनं ६९७ इंजिन, मुक्काम निफाड तालुका

द्राक्ष_आणि_डिझेल
९ जानेवारी, सकाळी ८:१२

मंडळी, राम राम. आज पुन्हा लासलगावचा नंबर हुकला, म्हणून डोकं तापलेलं असतानाच धागा काढतोय.

गाडी बॉनेटवाला जुना टाटा, ६९७ इंजिन, मूळचं बिनटर्बोचं. मामांकडून घेतलेली. गेल्या मे महिन्यात नाशकातल्या एका गॅरेजात टर्बो बसवून घेतला. टर्बो जुन्या बाजारातला, मॅनिफोल्ड वेल्डिंग मारून बनवलेलं, नोझलला डिझेल देणारा पंपही त्यांनीच दुसरा लावून दिला. ओढायला गाडी वाघ झाली, त्याबद्दल तक्रार नाही. मुंबईहून परत येताना कसारा घाटात जिथं तिसऱ्यावर यावं लागायचं तिथं आता चौथ्यावर चढते.

तक्रार पहाटेची आहे. लाल कांदा रात्रीच भरून ठेवतो, पाचला निघायचं असतं. नोव्हेंबरपर्यंत ठीक चाललं. डिसेंबरात पारा उतरला तशी गाडी सुरूच होऊ नाही राहिली. दहा-बारा सेकंद सेल्फ, थांबायचं, परत सेल्फ, असं सहा-सात वेळा. मग बॅटरी झोपते आणि ट्रॅक्टरनं ओढायची वेळ येते. भरलेली गाडी मळ्याच्या रस्त्यानं ओढणं काय असतं ते ज्यानं ओढली त्यालाच विचारा. आणि ट्रॅक्टर मात्र पहिल्या सेल्फला उठतो, तोही त्याच पंपावरच्या डिझेलवर. दहाला उन्हं आली की हीच गाडी अर्ध्या सेल्फात सुरू!

आत्तापर्यंत काय केलं: दोन्ही बॅटऱ्या नव्या. सहाही नोझल उतरवून तपासले, दोन बदलले. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर नवे. फरक शून्य. आज पहाटे बागेतला तापमापक ६ अंश दाखवत होता. शेजारी बागेत शेकोट्या पेटवून मणी वाचवत होते आणि मी इकडे गाडीला शिव्या देत होतो. कुणी मार्ग दाखवा.


मिसळ_तर्री_जास्त
९ जानेवारी, सकाळी ९:०५

हीटर प्लग गेले असतील भाऊ. माझ्या जुन्या सुमोचं अगदी असंच व्हायचं. चार प्लग बदलले, काम फत्ते.


सातपूरकर
९ जानेवारी, सकाळी ९:३१

सुमोचं इंजिन वेगळं हो. त्यात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात जळायचं, त्या कप्प्याला ऊब द्यायला हीटर प्लग लागायचे. ६९७ मध्ये नोझल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारा मारतो. त्याला प्लगची जागाच नाही, बदलणार काय?

जाता जाता एक गंमत. ६९७ म्हणजे ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, १२८ धरून गुणाकार करा, ५६७५ सीसी येते. ४०७ मधल्या ४९७ चंही तसंच, ४ सिलिंडर आणि ९७ बोअर. सुमोचं ४८३ म्हणजे ८३ बोअर. पाटीवरच कुंडली लिहिलेली असते, आपण वाचत नाही.


घाटातला_पक्षी
९ जानेवारी, दुपारी १२:२०

येवढं काय त्यात. फडकं डिझेलात बुडवून पेटवायचं, एअर क्लीनरच्या तोंडाशी धरायचं, दुसऱ्यानं सेल्फ मारायचा. गरम हवा आत गेली की गाडी उठलीच. उत्तरेकडं सगळे ड्रायव्हर हेच करतात. नाहीतर तो फवारा मिळतो ना, स्टार्टिंगचा, तो मारा.


पंपवाले_आबा
९ जानेवारी, दुपारी २:४७

पक्षीराज, हा सल्ला परत घ्या. सिन्नर रस्त्याला एका गाडीची केबिन अशाच फडक्यानं जळताना मी समोर उभा राहून पाहिली आहे. फडकं आत ओढलं गेलं, कागदी फिल्टर पेटला, पुढं वायरिंग. ड्रायव्हरची मिशी गेली, तो वाचला. आणि ह्या गाडीला तर आता टर्बो आहे. जळका चिंधीचा तुकडा त्याच्या पंख्यात गेला तर सुट्टी.

फवाऱ्याचंही तेच. त्यात ईथर असतं. पिस्टन वर पोचायच्या आधीच ते पेट घेतं, रिंगा फुटतात, रिंगांमधली पट्टी तुटते. एकदा सवय लागली की इंजिन त्याच्याशिवाय उठत नाही, कारण तोवर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरची हवा दाबायची ताकद, गेलेलं असतं.

आता द्राक्षवाले, तुम्ही. तीस वर्षं मी पंप-नोझलच्या टेबलावर काढली. आमच्याकडे कुणी गाडी सुरू होत नाही म्हणून आला की आमचा पहिला प्रश्न एकच असायचा, सायलेन्सरमधून धूर येतो का? आला तर कुठल्या रंगाचा? तुम्ही बॅटऱ्या घेतल्या, नोझल केले, फिल्टर केले, पण धुराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

सेल्फ फिरतोय आणि धूरच नाही, तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतच नाही. पांढरा धूर येतोय, नाकाला कच्च्या डिझेलचा वास येतोय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. म्हणजे उष्णता कमी पडते किंवा डिझेल चुकीच्या वेळी पडतं. काळा धूर आला तर पेटतंय, हवा कमी आहे. उद्या पहाटे कुणाला तरी सायलेन्सरपाशी बॅटरी घेऊन उभं करा. हातातली बॅटरी म्हणतोय, गाडीची नको!


अर्थिंग_आधी
९ जानेवारी, सायंकाळी ७:१५

आबांचं झालं की माझं एक करा. नवी बॅटरी घेतली म्हणजे स्टार्टरला करंट पोचला असं नाही. मीटर घ्या. एक टोक बॅटरीच्या शेवटच्या निगेटिव्ह बोल्टावर, दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकवर, रंग खरवडून. आता सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसलं तर अर्थिंग बरं आहे. एक-दीड व्होल्टच्या पुढे गेलं तर तुमची नवी बॅटरी गंजलेल्या पट्टीतच गरम होते आहे. पॉझिटिव्ह बाजूलाही तसंच, बॅटरीचा बोल्ट ते स्टार्टरचा बोल्ट.

थंडीत हे जास्त बाधतं. शिशाची बॅटरी शून्याच्या जवळ गेली की तिची ताकद चांगलीच घटते, आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट होऊन इंजिन जड झालेलं असतं. ऑइल कुठलं आहे?


द्राक्ष_आणि_डिझेल
१० जानेवारी, सकाळी ७:५०

आबा, चुलतभावाला उभं केलं. पहिले तीन-चार सेकंद काहीच नाही, अजिबात धूर नाही. मग पातळ पांढरा, पिचकारीसारखा थांबून थांबून. डोळे चुरचुरतात. काळा अजिबात नाही.

अर्थिंगवाले भाऊ, तुम्ही जिंकलात. निगेटिव्हला १.९ व्होल्ट! दोन बॅटऱ्या मिळून २४ ची लाइन आहे, सेल्फ मारताना ती १७ च्या खाली जात होती. गिअरबॉक्सवरून चेसिसला जाणारी विणलेली पट्टी हिरवी पडून अर्धी तुटली होती. मे महिन्यात इंजिन खाली घेतलं तेव्हा तीच जुनी परत लावली वाटतं. जाड केबल टाकली, आता ०.३ आहे. सेल्फ जोरात फिरतो हे कानाला कळतं. पण गाडी चौथ्या सेल्फलाच उठली. ऑइल २०डब्ल्यू-५० आहे.


अर्थिंग_आधी
१० जानेवारी, सकाळी ८:२२

पुढच्या बदलीला १५डब्ल्यू-४० घाला. डब्ल्यूच्या आधीचा आकडा लहान तेवढं ऑइल थंडीत पातळ. निफाडच्या पहाटेला एवढा फरक हाताला नाही पण स्टार्टरला कळतो. माझं काम झालं, आता मी चहा घेऊन वाचत बसतो.


सातपूरकर
१० जानेवारी, सकाळी ११:००

डिझेलचं एक तपासून टाकू म्हणजे शंका नको. भारतीय मानकात हिवाळ्याच्या डिझेलला अट आहे की थंडीत फिल्टर तुंबण्याचं तापमान ६ अंशांच्या वर असू नये, उन्हाळ्याच्या डिझेलला हीच मर्यादा १८ अंश. म्हणजे ६ अंशांच्या पहाटे आपण मर्यादेच्या काठावर उभे असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा निफाडचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो, आणि तो काही वर्षी ५ च्याही खाली गेलेला आहे.

तर काचेच्या बाटलीत टाकीतलं डिझेल घ्या, रात्रभर गाडीशेजारी ठेवा. पहाटे गढूळ दिसलं, तळाशी मेणासारखं बसलं, तर डिझेल दोषी. आणि खरं सांगा, रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारं ते ‘बायोडिझेल’ टाकत नाही ना? पाम तेलापासून बनलेलं असेल तर ते १३ ते १६ अंशांलाच गढूळ व्हायला लागतं.


घाटातला_पक्षी
१० जानेवारी, दुपारी १:१०

मग थोडं रॉकेल मिसळायचं. आमचे जुने लोक टाकायचे.


पंपवाले_आबा
१० जानेवारी, दुपारी १:४४

जुन्या लोकांचे पंपही लवकर घासायचे. पंपाच्या आतल्या एलिमेंटला डिझेलचंच वंगण असतं, दुसरं तेल तिथं पोचत नाही. रॉकेल कोरडं. ते गाडीत टाकणं बेकायदेशीर आहे ते वेगळंच. पक्षीराज, तुमच्यावर माझा राग नाही, पण आज तुमचा दुसरा सल्ला झाला.

धुराकडं येऊ. पहिले तीन-चार सेकंद धूर नाही, ह्याचा अर्थ रात्रीतून डिझेल टाकीकडं परत उतरतं. कुठंतरी एअर पकडते. उभ्या लाइनीत पंपापर्यंतचं डिझेल खाली सरकतं आणि सकाळी सेल्फनं ते आधी वर ओढून घ्यावं लागतं. ते ओढेपर्यंत बॅटरीचा पहिला, सगळ्यात ताजा जोर संपतो.

उद्या सेल्फ मारायच्या आधी फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) हँड प्रायमर, म्हणजे हातानं दाबायचा दट्ट्या, पंचवीस-तीस वेळा मारा. सुरुवातीला मऊ जाऊन मग कडक झाला तर समजा की लाइन रिकामी होती.


नियमावली
१० जानेवारी, सायंकाळी ५:३०

सर्वांना नम्र आठवण. इंजिनमध्ये असा बदल केल्यास मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार परिवहन कार्यालयाची मंजुरी व नोंदणीपुस्तकात बदल आवश्यक असतो. धागाकर्त्यानं तो केला आहे का?


द्राक्ष_आणि_डिझेल
११ जानेवारी, सकाळी ७:३५

साहेब, नोंदणीचं बघतो. आधी गाडी सुरू होऊ द्या, पेठरोडला आरटीओत नेण्यासाठीसुद्धा ती सुरूच करावी लागेल. 😄

बाटली आरशासारखी स्वच्छ. डिझेल नेहमीच्या पंपावरचं, स्वस्ताईच्या नादाला लागलो नाही. ट्रॅक्टरही त्याच्यावरच चालतो हे वर लिहिलंच आहे.

प्रायमर अठरा वेळा मऊ गेला, मग कडक. आणि मग पहिल्या फेऱ्यापासून पांढरा धूर! दिवसा शोधलं तर फिल्टरच्या डोक्यावरच्या बँजो बोल्टाखाली (डिझेलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचा वॉशर जुनाच, दाबून चपटा झालेला. फिल्टर बदलणाऱ्या पोरानं नवा घातलाच नव्हता. दोन वॉशर बदलले, फीड पंपाचा व्हॉल्व धुतला. तापमान ७ होतं, तिसऱ्या सेल्फला उठली. सुधारणा आहे. पण ट्रॅक्टरसारखी कधी उठणार?


पंपवाले_आबा
११ जानेवारी, सकाळी १०:०२

आत्तापर्यंत जे सापडलं ते कुठल्याही जुन्या गाडीत सापडतं. आता खरं दुखणं. डिझेल पहिल्या फेऱ्यापासून पोचतंय, सेल्फ जोरात फिरतोय, तरी पांढरा धूर. टर्बो बसवताना काय काय केलं ते सगळं सांगा. काही लपवू नका. टायमिंगला, म्हणजे डिझेल पडायच्या वेळेला, हात लावला का? पिस्टन बदलले का? हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोललं होतं का?


द्राक्ष_आणि_डिझेल
११ जानेवारी, दुपारी ३:१८

लपवायचं काही नव्हतं आबा, मला वाटलं ह्याचा काय संबंध. मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला टर्बोच्या दाबानं हेड उचलू नये म्हणून हेडखाली सांधा बंद करणारे दोन पॅकिंग टाकले आहेत, एकावर एक. टायमिंग थोडं मागं घेतलं आहे, तीन-चार अंश. पिस्टन जुनेच. आणि पंप टर्बोवाल्या गाडीचा, वर गोल डबी असलेला.


सातपूरकर
११ जानेवारी, दुपारी ३:४०

दोन पॅकिंग!! हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं ना राव!

जरा गणित बघा. स्ट्रोक १२८. कॉम्प्रेशन १७ ला १ धरू (हवा सतराव्या भागात दाबली जाते). म्हणजे पिस्टन वर पोचल्यावर उरलेली जागा १२८ भागिले १६, सरासरी ८ मिलिमीटर उंचीइतकी. त्यात एक जादा पॅकिंग, दाबल्यावर समजा १.३ मिलिमीटर. उरलेली जागा ९.३. आता कॉम्प्रेशन १३७.३ भागिले ९.३, म्हणजे जेमतेम १४.८. पॅकिंगची जाडी बोटाला जाणवत नाही, पण हिशोबात सव्वादोन गुण गेले.

डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच पेटायचं असतं. उन्हाळ्यात आत येणारी हवाच ४० अंशांची, तेव्हा १४.८ वरही भागतं. मिस्त्रीनं मे महिन्यात चावी फिरवून बघितली आणि हात पुसले. जानेवारीच्या पहाटे हवा ६ ची, लोखंड ६ चं, सेल्फ हळू. हवा दाबली जाते तशी तिची ऊब भिंतीत मुरते, रिंगांतून गळते. मग उरतं काय?


मिसळ_तर्री_जास्त
११ जानेवारी, सायंकाळी ६:०५

मिस्त्रीकडे जाऊन भांडा. पैसे परत घ्या.


पंपवाले_आबा
११ जानेवारी, रात्री ९:२६

भांडून कांदा लासलगावला जाणार नाही. सातपूरकर, गणित बरोबर, शाबास. पण त्यावरून लगेच हेड खोला म्हणून नका सांगू, ऐन हंगामात गाडी आठवडाभर उभी राहील. मला त्या गोल डबीवर संशय आहे.

ती डबी काय करते ते सांगतो. आत रबराचा पडदा, त्यामागे स्प्रिंग. मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी तिथं येते. टर्बोनं हवा दाबली की पडदा सरकतो आणि पंपाच्या रॅकला (डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला) जास्त पुढं जायला मोकळीक मिळते, म्हणजे जास्त डिझेल. टर्बोचा दाब नसेल तेव्हा ती रॅकला आडवी येते, कमी डिझेल, म्हणजे गाडी काळं ओकत नाही. उत्तम व्यवस्था. पण सेल्फ मारताना टर्बोचा दाब शून्य! आणि थंड इंजिनला सुरू व्हायला भरल्या गाडीपेक्षाही जास्त डिझेल लागतं, कारण त्यातलं थोडंच वाफ होऊन पेटतं, बाकीचं भिंतीला चिकटतं. म्हणून कंपनीच्या पंपात सुरू करताना ही आडकाठी बाजूला सारायची सोय असते. पंप एका गाडीवरून काढून दुसऱ्या गाडीला लावला, तिथला खटका किंवा लिव्हर जोडायचा राहिला, की सोय गेली. बिनटर्बोच्या पंपाला ही डबीच नसते, म्हणून ज्याचा हात तिथं बसलेला आहे त्याला हे सुचत नाही. मूर्खपणा नव्हे, सवयीचा दोष.

तपासायला खर्च नाही. डबीकडं जाणारी नळी मॅनिफोल्डच्या टोकाला सोडा. त्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व क्लिप लावून बसवा. पहाटे सायकलच्या पंपानं सात-आठ पाउंड हवा द्या. पंधराच्या वर जाऊ नका, पडदा फाटेल. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ. एक माणूस स्टॉपच्या केबलपाशी हवा. सुरू झाली की लगेच पाय उचला. टर्बोला तेल वर पोचायला वेळ द्या, थंड गाडी ताणून धरू नका.


अर्थिंग_आधी
११ जानेवारी, रात्री ९:५०

सायकलच्या पंपानं ट्रक सुरू करायचा! आबा, आजची रात्र झोप नाही.


द्राक्ष_आणि_डिझेल
१२ जानेवारी, पहाटे ५:३८

मंडळी!!! पहिल्या सेल्फला!!! सहा-सात सेकंद लागले, पण पहिल्याच! तापमान ६.५. धूर आधी पांढरा, मग भपकन राखाडी, मग आवाज धरला. वडील शेकोटीपाशी बसले होते, ते उठून बघायला आले की कुणाची गाडी सुरू झाली. आत्ता लासलगावच्या रांगेत बसून लिहितोय, माझ्यापुढं फक्त अकरा ट्रॅक्टर आहेत.


सातपूरकर
१२ जानेवारी, सकाळी ८:०१

मायको सर्कलच्या गावात राहून हे मला माहीत नव्हतं, लाज वाटली. सातपूरला आयुष्यभर नोझलच्या कारखान्यासमोरून कामाला गेलो. आबा, हा पंप मायकोच्या काळचा असेल ना, २००८ ला कंपनीचं नाव बॉश झालं त्याच्या आधीचा?


पंपवाले_आबा
१२ जानेवारी, सकाळी ८:४०

पाटी पाहिल्याशिवाय सांगणार नाही. द्राक्षवाले, सायकलचा पंप रोज नाही न्यायचा. पंप उतरवून टेस्ट बेंचवर बसवा. त्यांना स्पष्ट सांगा, सुरू करतानाचं जादा डिझेल मोजून द्या आणि आडकाठी सोडवायचा लिव्हर केबलनं केबिनमध्ये आणून द्या. नुसतं ‘कॅलिब्रेशन करून द्या’ म्हटलं तर ते भरल्या गाडीचं डिझेल बघतील आणि पाठवून देतील. टायमिंग दोन अंश पुढं आणा. पूर्ण चार नको, घाटात ठोके ऐकू आले तर लगेच मागं.


नियमावली
१२ जानेवारी, सकाळी १०:१५

वरील सर्व दुरुस्तीही नोंदणीपुस्तकातील बदलाच्या अधीन राहून करावी.


द्राक्ष_आणि_डिझेल
२० जानेवारी, रात्री ८:३३

पंप आला. बेंचवाल्यानं सुरुवातीला ‘असं काही नसतं’ म्हटलं. मी आबांची पोस्ट मोबाइलवर वाचून दाखवली. मग त्यांच्या म्हाताऱ्या वडलांनी आतून आवाज दिला, ‘अरे नसतं कसं, ती खिट्टी बघ बाजूला!’ लिव्हर जागेवरच होता, मे महिन्यात त्याला तारेनं बांधून टाकलं होतं. केबल आता केबिनमध्ये आणली आहे.

गेले चार दिवस: ८, ७, ९, ६.८ अंश. लिव्हर ओढून चार ते पाच सेकंदांत सुरू. प्रायमर मारावा लागत नाही. पण एक राहिलं. सुरू झाल्यावर सात-आठ मिनिटं पांढरा धूर जात नाही, गाडी खोकत राहते. लासलगाव नाक्यापर्यंत काटा हलत नाही.


पंपवाले_आबा
२० जानेवारी, रात्री ९:०१

थर्मोस्टॅट आहे का गाडीत?


द्राक्ष_आणि_डिझेल
२० जानेवारी, रात्री ९:०४

मिस्त्रीनं काढून टाकलाय. टर्बोमुळं गाडी गरम होईल म्हणून.


पंपवाले_आबा
२० जानेवारी, रात्री ९:०५

🤦 महाराष्ट्रातल्या निम्म्या गाड्यांचे थर्मोस्टॅट भंगारात पडलेत. उन्हाळ्यात इंजिन थंड राहतं म्हणून खूश, आणि हिवाळ्यात सगळं पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन तापतच नाही. सिलिंडर थंड राहिला की न जळलेलं डिझेल भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. उद्या बसवा. आणि ऑइल बदलायचंच होतं ना, ते आत्ताच बदला, वास घेऊन बघा डिझेलचा.


घाटातला_पक्षी
२१ जानेवारी, सकाळी ७:२२

आमच्या गाडीलाही थर्मोस्टॅट नाही. बसवायला लागेल काय?


पंपवाले_आबा
२१ जानेवारी, सकाळी ७:५०

बसवा. आणि फडकं फेका.


सातपूरकर
२ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

काय झालं पुढं? माझा मूळ वाद अजून तिथंच आहे. जादा डिझेल ही कुबडी आहे. कॉम्प्रेशन १४.८ वर ठेवून जास्त डिझेल ओतत राहिलात तर थंडीत रिंगा धुतल्या जाणार. हंगाम संपला की एक पॅकिंग काढाच.


पंपवाले_आबा
२ फेब्रुवारी, दुपारी १:३०

मान्य. पण पॅकिंग काढण्याआधी टर्बो किती दाब देतो ते मोजा. जुन्या बाजारातला आहे, कुठल्या गाडीचा कोण जाणे. पिस्टन बिनटर्बोचे आहेत. दाब जास्त असेल आणि कॉम्प्रेशनही वाढवलं तर हेड बोल्टांवर ताण येईल, मिस्त्रीची भीती अगदीच पोकळ नव्हती.


द्राक्ष_आणि_डिझेल
४ फेब्रुवारी, रात्री १०:१२

थर्मोस्टॅट बसवला, धूर दोन मिनिटांत जातो. ऑइलला खरंच डिझेलचा वास होता, १५डब्ल्यू-४० घातलं.

काल वाशीला भाजी घेऊन गेलो होतो, येताना मित्राचा प्रेशरचा काटा त्याच डबीच्या नळीवर टी टाकून लावला. कसारा घाटात, रिकाम्या कॅरेटांसह, तिसऱ्यावर पूर्ण दाबून ९ पाउंड. भरल्या गाडीचा आकडा अजून घ्यायचा आहे, कदाचित एखाद-दुसरा पाउंड वर जाईल.


पंपवाले_आबा
५ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

९-१० पाउंडाला दोन पॅकिंग कशाला? एकावर आरामात टिकेल. कंपनीच्या टर्बोवाल्या इंजिनातसुद्धा एकच असतं. हेड मात्र सपाट आहे का ते पट्टी लावून बघायला सांगा, बोल्ट नवे आणि टॉर्क पान्यानंच, ‘हातानं अंदाज’ नको. पॅकिंग काढलं की टायमिंग आणि सुरू करतानाचं डिझेल परत मोजावं लागेल, तेव्हा पंपवाल्याला आधीच सांगून ठेवा.


द्राक्ष_आणि_डिझेल
५ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

मेमध्ये करतो आबा, द्राक्षं आणि कांदा उरकला की. काढलेलं पॅकिंग व्हर्नियरनं मोजून इथं टाकीन, सातपूरकरांचं १.३ बरोबर की चूक ते कळेल.